कानायेवाची बारा मिनिटं

ऑलिम्पिकच्या रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये, म्हणजे संगीताच्या तालावर रिबन, चेंडू, हूप (मोठं कडं) अशी साधनं खेळवत करायच्या कसरतींमध्ये, वैयक्तिक अंतिम फेरीला पोचलेल्या मुलीला चार रचना सादर करायच्या असतात. एकेक रचना सव्वा ते दीड मिनिटाची. म्हणजे फार तर सहा मिनिटं. येवगेनिया कानायेवाने अशा दोन अंतिम फेऱ्या जिंकल्या, २००८ मध्ये बीजिंगला आणि २०१२ मध्ये लंडनला. हिशेब केला तर सगळं काम बारा मिनिटांचं. १९८४ साली हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला, तेव्हापासून वैयक्तिक सुवर्ण दोनदा मिळवणारी ती एकटीच आहे.

आणि तरी या खेळातलं एखादं नाव सांगा म्हटलं, तर दहातले आठ जण अलिना काबायेवाचं नाव घेतील. उरलेले दोघं 'ते रिबनवालं का?' असं विचारतील. कानायेवा कुणालाच पटकन आठवणार नाही. याचं मला बरीच वर्षं नवल वाटत आलंय. या खेळात तिच्याइतकं निर्विवाद कुणी जिंकलेलं नाही, पण लोकप्रियतेचं माप तिच्या पदरात त्या मानाने फारच कमी पडलं. असं का, हे शोधता शोधता मी तिच्या जुन्या ध्वनिचित्रफिती पुन्हा पुन्हा पाहत गेले, आणि आता तर कारण शोधायचं आहे हेही विसरून नुसतीच पाहते.

आधी काबायेवाविषयी, कारण तिच्याशिवाय हा विषय निघतच नाही. ताश्कंदची मुलगी. पंधराव्या वर्षी युरोपची विजेती, सोळाव्या वर्षी जगाची. २००० साली सिडनीत तिने सुवर्ण न्यायचं हे जवळजवळ ठरलेलंच होतं. तिथे हूप हातून सुटला, घरंगळत मैदानाच्या बाहेर गेला, आणि ती त्याच्यामागे धावली. कांस्य मिळालं. पुढच्या वर्षीची जागतिक पदकं उत्तेजक चाचणीत बंदी असलेलं औषध सापडल्यामुळे काढून घेतली गेली. बंदी संपवून ती परतली, २००३ मध्ये पुन्हा जगज्जेती झाली आणि २००४ ला अथेन्समध्ये अखेर ते सुवर्ण घेतलं. नंतर रशियाच्या संसदेत खासदार, सोची ऑलिम्पिकच्या उद्घाटनात मशाल न्यायला निवडलेल्या मोजक्या खेळाडूंमध्ये एक. उदय, पतन, कलंक, पुनरागमन, सत्ता. गोष्ट रंगवून सांगणाऱ्याला याहून जास्त काय हवं? त्यात ती विलक्षण लवचिक. पाठ अशी वळायची की पाहणाऱ्याच्याच मणक्यात कळ यावी. जिम्नॅस्टिक्समधलं ओ की ठो न कळणारा माणूसही काबायेवा पाहून थबकायचा.

आता कानायेवाची गोष्ट सांगून पाहू. जन्म २ एप्रिल १९९०, सायबेरियातल्या ओम्स्क शहरात. वडील कुस्तीगीर. सहा वर्षांची असताना आजी तिला रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला घेऊन गेली. सुरुवातीला येलेना अरायस यांच्याकडे शिकली, पुढे त्यांच्याच आई वेरा श्टेलबाउम्स यांच्याकडे. या श्टेलबाउम्स बाई म्हणजे ओम्स्कची शान. अथेन्समध्ये काबायेवाच्या पाठोपाठ रौप्य जिंकलेली इरिना चाश्चिना त्यांचीच शिष्या. मग मॉस्कोजवळचं नोवोगोर्स्कचं राष्ट्रीय केंद्र आणि मुख्य प्रशिक्षक इरिना विनर यांची कडक नजर. मग पदकं. मग आणखी पदकं. मग निवृत्ती.

झाली गोष्ट. यात एकही वळण नाही, आणि मला वाटतं खरी अडचण तिथेच आहे.

एक वळण ओढूनताणून काढता येईल. २००७ साली बाकू इथे युरोपीय स्पर्धा होती आणि काबायेवाला दुखापत झाली. बदली म्हणून सतरा वर्षांच्या कानायेवाला घेतलं. तिच्या वाट्याला फक्त रिबनची रचना होती. तिने रिबनचं सुवर्ण आणलं, संघाचंही आणलं. पिढी बदलताना असा एखादा दिवस असतो, पण त्या दिवशी तो कुणाच्या लक्षात येतोच असं नाही. संघात वेरा सेसिना होती, ओल्गा काप्रानोवा होती, दोघीही जागतिक पदकांच्या मानकरी. ही नवी मुलगी रांगेत तिसरी किंवा चौथी.

ती रांग काय असते हे समजल्याशिवाय कानायेवाचं मोल कळणार नाही. ऑलिम्पिकला एका देशाच्या दोनच मुली वैयक्तिक गटात उतरू शकतात. छोट्या देशाला एक पाठवणंही कठीण जातं, पण रशियात त्या काळी जगातल्या पहिल्या दहांतल्या चार-पाच जणी एकाच हॉलमध्ये सराव करत असायच्या. म्हणजे खरी लढाई तिथेच, रोजची, प्रेक्षकांशिवाय. बीजिंगला शेवटी कानायेवा आणि काप्रानोवा गेल्या, सेसिना राहिली. २००५ ची जगज्जेती काप्रानोवा बीजिंगमध्ये चौथी आली. कुठल्याही दुसऱ्या देशात काप्रानोवासारखी खेळाडू दहा वर्षं राज्य करती. रशियात ती एका अठरा वर्षांच्या मुलीच्या मागे उभी होती.

बीजिंगच्या त्या अंतिम फेरीचे आकडे कोरडे वाटतील, पण पाहाच. एका रचनेला वीस, असे चार रचनांचे मिळून ऐंशी गुण. कानायेवाचे ७५.५००. दुसरी आली बेलारूसची इना झुकोवा, ७१.९२५. तिसरी युक्रेनची आना बेसोनोवा, ७१.८७५. दुसरी आणि तिसरी यांच्यात अंतर पाच शतांशाचं, आणि पहिली व दुसरी यांच्यात साडेतीन गुणांहून जास्त. गुण दशांश-शतांशात मोजणाऱ्या खेळात साडेतीनचं अंतर म्हणजे बाकीच्या जणी वेगळीच स्पर्धा खेळत होत्या. बेसोनोवा त्या वेळची जगज्जेती होती आणि प्रेक्षकांची लाडकीही. रंगमंचावरच्या नटीसारखी यायची, चेहऱ्यावर सगळं नाट्य. मला ती आजही फार आवडते. त्या दिवशी टाळ्या तिला कमी पडल्या नसतील. गुण मात्र सायबेरियाच्या मुलीला पडले, आणि त्याबद्दल कुणी फारशी तक्रारही केली नाही.

परीक्षकांच्या खेळात ही तक्रार नसणं मोठं दुर्मीळ. टोकियो ऑलिम्पिकचं (२०२१) उदाहरण आहे. इस्रायलच्या लिनॉय अश्रामच्या हातून शेवटच्या रचनेत रिबन सुटली, तरी ती १०७.८०० गुणांनी जिंकली. रशियाच्या दिना अवेरिनाचे १०७.६५०. पंधरा शतांशांचा फरक, आणि त्यावरून उठलेला गदारोळ पुढे कित्येक महिने शमला नाही. अश्रामचं सुवर्ण आणि तो वाद आता कायमचे जोडले गेलेत. कानायेवाच्या दोन्ही सुवर्णांना असं काहीच चिकटलेलं नाही.

पण ती करते काय, ते सांगायला हवं. तेरा मीटर लांब, तेरा मीटर रुंद गालिचा. साधनं लहान मुलांच्या खेळण्यांसारखी दिसतात, म्हणून लोक हसतात. 'हा काय खेळ आहे?' हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तरही देत नाही, एक रचना लावून देते. चेंडू घ्या. व्यास १८ ते २० सेंटिमीटर, वजन किमान ४०० ग्रॅम. तो पकडायचा नसतो. बोटं वळवून मुठीत धरला की दोष. तो तळहातावर नुसता टेकलेला हवा, आणि हात खांद्यावरून, पाठीमागून, कमरेखालून फिरत असताना टेकलेलाच राहायला हवा. रिबन सहा मीटरची, वजन जेमतेम ३५ ग्रॅम. तिच्यातली लाट काठीपासून शेपटापर्यंत जिवंत राहिली पाहिजे. मनगट जरा आळसावलं की रिबन अंगाला चिकटते किंवा गाठ पडते. हॉलमधल्या वातानुकूलनाचा झोतसुद्धा तिची वाट चुकवतो. क्लब (मुदगलासारखे छोटे दांडे) दोन, हूप एक, आणि पूर्वी दोरी असायची. ती मोठ्यांच्या वैयक्तिक स्पर्धांतून २०११ पासून गेली.

यातलं सगळ्यात अवघड म्हणजे फेक. वस्तू छताच्या दिशेने भिरकावायची, ती वर असताना खाली एक-दोन कोलांट्या किंवा गिरक्या घ्यायच्या आणि ती परत येईल तिथे पोचायचं. पोचून नुसतं झेलायचं नाही. न बघता झेललं तर जास्त गुण, हात न लावता झेललं तर आणखी. मग कुणी पाठीमागे झेलतं, कुणी पोटऱ्यांमध्ये, कुणी जमिनीवर पालथं पडून. या अर्ध्या-पाऊण सेकंदात बहुतेकींच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. नजर वर चोरटी जाते, हनुवटी ताणली जाते, झेल बसला की खांदे सैल होतात. प्रेक्षकाचा जीवही त्याच वेळी वरखाली होतो, आणि खरं तर त्यातच मजा असते.

कानायेवाच्या रचनेत ही धाकधूक मला जाणवत नाही. फेकीच्या आधी तयारीचा क्षण नाही, झेलानंतर सुटकेचा निःश्वास नाही. पायाच्या चवड्यावर उभं राहून गिरकी सुरू होते, वर उचललेला पाय एका आकृतीतून दुसरीत जातो, टाच खाली येत नाही, गिरकी संपते असं वाटतं तिथे पुढची सुरू झालेली असते, आणि या सगळ्यात चेंडू किंवा हूप आपल्या वाटेने चाललेलाच. कुठली हालचाल अवघड होती हे शोधायला ध्वनिचित्रफीत मागे न्यावी लागते. तानपुरा नेमका जुळलेला असला की तो वाजतोय याचंच भान राहत नाही, तशातली गत. काबायेवाला पाहून माणूस 'अरे बापरे' म्हणतो. कानायेवाला पाहताना असं म्हणायला जागाच सापडत नाही.

अशी कामगिरी लोकांना आवडते, पण लक्षात राहत नाही. जे सोपं दिसतं त्याची किंमत दुसऱ्या कुणाची चूक पाहिल्यावर कळते, आणि दूरचित्रवाणीवर अंतिम फेरीचे चार तुकडे दाखवतात त्यात चुका कापलेल्या असतात. मागे उरते एक सुंदर मुलगी आणि रिबन.

२००९ साली जपानमधल्या मिए इथे जागतिक स्पर्धा झाली. वैयक्तिक खेळाडूला जिंकता येतील अशी सहा सुवर्णपदकं होती: संघ, सर्वंकष (सगळ्या साधनांचे गुण मिळून), दोरी, हूप, चेंडू, रिबन. सहाही कानायेवाने घेतली. असं तिच्या आधी कुणीच केलं नव्हतं. मग २०१० ला मॉस्को आणि २०११ ला माँपेलिए, सर्वंकष विजेतेपद पुन्हा तिचंच. सलग तीन. बल्गेरियाच्या मारिया गिगोवा आणि मारिया पेत्रोव्हा यांच्याच नावावर तोवर तीन-तीन विजेतेपदं होती. या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं याहून फार नाही, आणि हे मी तिच्या कौतुकानेच म्हणते. स्पर्धा सुरू व्हायची, ती जिंकायची.

लंडनचं मात्र वेगळं होतं. चार वर्षांत खेळ बदलला होता, गुणांची पद्धत बदलली होती. आता एका रचनेला तीस गुण, एकूण एकशेवीस. दोरी गेली होती, बीजिंगमध्ये नसलेला चेंडू परत आला होता. ती बावीस वर्षांची. या खेळात बावीस म्हणजे काकू नाही तरी ताई नक्कीच. सिडनीपासून पाहिलं तर प्रत्येक ऑलिम्पिकला नवी विजेती होती, आणि आधीही दुसऱ्यांदा कुणी जिंकलेलं नव्हतं. शरीर बदलतं, गुडघे आणि घोटे कुरकुरतात, मागून येणाऱ्या पंधरा-सोळाच्या मुली जास्त वाकतात, जास्त उंच फेकतात. तिच्याच संघातली दारिया द्मित्रियेवा तिच्याइतक्याच तयारीने उतरली होती.

वेम्बली अरेनातली ती अंतिम फेरी, ऑगस्ट २०१२. कानायेवा ११६.९००, द्मित्रियेवा ११४.५००, बेलारूसची ल्युबोव चार्काशिना १११.७००. एकशेवीसपैकी जवळजवळ एकशेसतरा. निकाल आला तेव्हा ती रडली. मला बरं वाटलं, खरं सांगायचं तर. चेहऱ्यावर इतकं उघडपणे काहीतरी दिसायला स्पर्धा संपावी लागली.

लोकप्रियतेबद्दल आता थोडं. हा खेळ पाहणाऱ्यांची मनं कशाने जिंकली जातात, याची उदाहरणं एकाहून एक आहेत. १९८७ साली वार्नाच्या जागतिक स्पर्धेत बल्गेरियाच्या बियांका पानोवाने प्रत्येक रचनेला पूर्ण दहा गुण मिळवले. पुढच्याच वर्षी सोल ऑलिम्पिकला तिच्या हातून क्लब पडला आणि ती चौथी आली. सुवर्ण सोव्हिएत संघाच्या मारिना लोबाचला गेलं, साठपैकी साठ गुणांनी. आज जुन्या जाणत्यांशी बोललात तर पानोवाबद्दल भरभरून ऐकायला मिळेल, लोबाचबद्दल एखादं वाक्य. रिओत २०१६ ला रशियाची याना कुद्रियावत्सेवा सलग तीन वर्षं जगज्जेती म्हणून उतरली, आघाडीवर होती, आणि क्लबची रचना संपता संपता शेवटचा झेल सुटला. सुवर्ण तिच्याच संघातल्या मार्गारिता मामुनला. मामुनचे वडील मूळचे बांगलादेशचे. ते आजारी होते आणि लेकीच्या विजयानंतर काही दिवसांतच गेले. या दोघींच्या नावाभोवती म्हणूनच एक ओलावा आहे. आणि कोरियाची सोन यॉन-जे? लंडनला पाचवी, रिओला चौथी, ऑलिम्पिक पदक नाही. पण तिच्या देशात ती जाहिरातींतून, मासिकांच्या मुखपृष्ठांवरून घरोघरी पोचलेली. कोरियात या खेळाला कुणी विचारत नव्हतं, तिने विचारायला लावलं. ही लोकप्रियता फुकटची नव्हे. २०१४ चं आशियाई सुवर्ण तिने मेहनतीनेच घेतलं, आणि सरावासाठी ती रशियात, त्याच नोवोगोर्स्कला जाऊन राहिली होती.

म्हणजे पडणं, हुकणं, पहिलं असणं, बाप गमावणं: लोकांना धरून ठेवायला अशी खुंटी लागते. कानायेवाकडे खुंटी नव्हती. तिने मुलाखतींतून भांडणं उकरली नाहीत, परीक्षकांवर ठपका ठेवला नाही. आणखी एक गंमत, तिच्या सगळ्या कारकिर्दीत स्पर्धेच्या संगीतात शब्द चालत नसत. गाण्याचे शब्द वापरायला परवानगी मिळाली २०१३ पासून, म्हणजे ती निवृत्त झाल्यानंतर. त्याच वेळी नियमांत नृत्याच्या पावलांना, भावदर्शनाला जास्त जागा दिली गेली. आज रचनेतून मुली काहीतरी 'सांगतात', कधी कधी जरा जास्तच सांगतात. कानायेवाच्या रचना काही सांगत नाहीत. त्या फक्त असतात, आणि मला त्या म्हणूनच पुरतात.

तरी ती लोकप्रिय नव्हती असं म्हटलं तर एक फार मोठा वर्ग माझ्यावर चिडेल: स्वतः हा खेळ खेळणाऱ्या मुली. त्यांच्यात ती 'झेन्या' (येवगेनियाचं लाडकं रूप) आहे, आणि तिच्या नावाला वेगळाच मान आहे. बाहेरच्यांना काबायेवा माहीत असते, पण गिरकी कशी घ्यायची हे शिकायला मुली कानायेवा लावून बसतात. प्रशिक्षकही तिचंच नाव घेऊन दाखवतात, पाहा, टाच कुठे आहे, खांदा कुठे आहे. एखाद्या गवयाची इतर गवयांमध्ये जी कीर्ती असते, त्या जातीची ही कीर्ती. ती वर्तमानपत्रात मोजता येत नाही, पण टिकते.

२०१२ च्या डिसेंबरात तिने निवृत्ती जाहीर केली. रशियाच्या रिदमिक जिम्नॅस्टिक्स महासंघात उपाध्यक्षपद घेतलं, पुढच्या वर्षी आइस हॉकीपटू इगोर मुसातोव्हशी लग्न केलं, २०१४ ला मुलगा झाला. अधूनमधून लहान मुलींची शिबिरं. राजकारणाच्या मंचावर काबायेवा गेली तशी ती गेली नाही.

सर्वांत थोर कोण, हा वाद चालूच असतो. दिना अवेरिनाकडे जागतिक सर्वंकष विजेतेपदं चार आहेत, कानायेवाहून एक जास्त, पण ऑलिम्पिक सुवर्ण नाही. कुद्रियावत्सेवाकडे तीन, आणि तिच्याइतकी चेंडूवर हुकमत कुणाचीच नव्हती असं म्हणणारेही आहेत. पेत्रोव्हाचे जुने भक्त वेगळेच. मी या वादात पडते तेव्हा आकडे सांगत नाही, लंडनची चेंडूची रचना लावते. समोरचा दीड मिनिट गप्प बसतो आणि मग अवेरिनाचंच नाव घेतो. काही हरकत नाही.

युक्रेनवरच्या आक्रमणानंतर २०२२ पासून रशियाच्या मुली आंतरराष्ट्रीय स्पर्धांबाहेर गेल्या आणि पॅरिसला त्यांच्यातली एकही नव्हती. २००० ते २०१६ अशी सलग पाच सुवर्णं जिंकणारा देश तिथे यादीतच नव्हता. पॅरिसचं सुवर्ण जर्मनीला गेलं, पहिल्यांदाच. ते जिंकणारी दार्या वारफोलोमेएव जन्मली ती बार्नाऊलला, म्हणजे पुन्हा सायबेरियातच. बाराव्या वर्षी ती जर्मनीत आली आणि सतराव्या वर्षी ऑलिम्पिक विजेती झाली. त्याआधी २०२३ ला वालेन्सियाच्या जागतिक स्पर्धेत तिने पाच सुवर्णं घेतली होती. तिचे झेल पाहताना मलाही धाकधूक होते, पण गिरक्यांमध्ये कुठेतरी ओम्स्कची आठवण येते. २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला ती उतरली आणि जिंकली, तर दोन सुवर्णांची मानकरी एकटी राहणार नाही. मग समालोचकांना त्या रात्री कानायेवाचं नाव घ्यावंच लागेल, आणि ही कोण बुवा म्हणून काही नवे लोक बीजिंगची ती रचना शोधायला जातील.